म्हातारपणी झडणारे स्नायू आणि जनुकांचं संशोधन: सोलापूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

मी जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. सिद्धेश्वर तलावाकाठी आमचा सकाळचा कट्टा भरतो. तिथं एकदा ‘म्हातारपणी ताकद का जाते’ यावर अर्धा तास बोललो आणि तेव्हापासून व्हॉट्सॲपवर प्रश्न येणं थांबलेलं नाही. त्यांतले बरेच तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही. औषध सुरू करायचं किंवा बंद करायचं असेल तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

१. वय झालं की हातपाय बारीक होणारच की. त्याला आजार कशाला म्हणायचं?

थोडंफार बारीक होणं कुणालाच चुकत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद मात्र त्याहून लवकर जाते. सत्तरी ओलांडलेल्या अमेरिकन स्त्री-पुरुषांची काही वर्षं मोजमापं घेतली, तेव्हा पायाचे स्नायू जेवढे घटले त्याच्या सुमारे तिप्पट वेगानं पायाची ताकद घटल्याचं दिसलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं औषधांच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

ही घट इतकी झाली की खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो, जिना टाळावासा वाटतो, भरलेली बादली उचलवत नाही, की तिला सार्कोपेनिया म्हणतात. हा शब्द अमेरिकन डॉक्टर आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवला. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव. अमेरिकेतल्या रोगांच्या यादीत त्याला स्वतःचा संकेतांक मिळायला २०१६ साल उजाडलं. ही कारकुनी बाब वाटेल, पण ज्या दुखण्याचं कागदावर नाव नाही त्याच्या औषधावर कुठली कंपनी पैसा लावणार?

२. आम्हाला हे झालंय का, घरच्या घरी कसं कळेल?

आशियाई तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये मापं ठरवून दिली आहेत. त्यांतली दोन घरी करता येतात.

पहिलं: हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर शंका घ्यावी. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि कुणाला तरी शेजारी उभं करा. दुसरं: शिंप्याच्या टेपनं पोटरीचा सगळ्यांत जाड घेर मोजा. पुरुषांचा ३४ आणि बायकांचा ३३ सेंटिमीटरच्या आत भरला तर तपासून घ्यायला हवं. पायावर सूज असेल तर हे माप फसवं.

पकड मोजायचं यंत्र फिजिओथेरपिस्टकडे असतं. त्यावर पुरुषांची २८ आणि बायकांची १८ किलोच्या खाली पकड म्हणजे कमी. चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी असेल तर तोही कमीच. पक्कं निदान करताना स्नायूंचं प्रमाण डेक्सा या क्ष-किरणांच्या किंवा तशाच तपासणीनं मोजतात.

३. यात जनुकांचा हात किती आणि आपल्या वागण्याचा किती?

जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या पकडीच्या फरकाचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचं दिसतं. याचा अर्थ ‘तुमची निम्मी ताकद वडिलांकडून आली’ असा नाही. शंभर माणसं रांगेत उभी केली तर त्यांच्यात जो फरक दिसतो, त्यातला निम्मा जनुकांनी समजावता येतो, एवढंच.

आणि ताकदीचं असं एक जनुक नाही. युके बायोबँक या ब्रिटिश प्रकल्पातल्या साडेचार लाख लोकांच्या हातापायांतल्या मांसाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जनुकसंचातल्या जवळपास ८०० जागांचा संबंध आढळला. एकेका जागेचा परिणाम चिमटीभर.

‘वेगाचं जनुक’ म्हणून वर्तमानपत्रांत गाजलेलं एसीटीएन-३ हे स्नायूंच्या जनुकांतलं प्रसिद्ध नाव. ऑस्ट्रेलियाच्या कॅथरीन नॉर्थ यांच्या गटानं दाखवलं, की जगातल्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या लोकांत या जनुकाची चालू प्रतच नसते. अव्वल धावपटूंत असे लोक फार कमी सापडतात. पण चालू प्रत नसलेली कोट्यवधी माणसं सुखानं जिने चढतातच.

४. कुठलं जनुक कारणीभूत आहे हे शोधतात तरी कसं?

सोलापुरात हे समजावणं मला सोपं जातं, कारण चादरीची नक्षी कशी निघते हे इथं बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलंय. जकार्डच्या मागावर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं फिरतात. भोक कुठं आहे आणि कुठं नाही, यावर कुठला धागा वर उचलला जाणार हे ठरतं. आता समजा तुमच्याकडे लाखभर चादरी आहेत आणि त्यांतल्या काहींचा काठ विरळ निघालाय. सगळ्यांची कार्डं शेजारी शेजारी मांडायची आणि विरळ काठाच्या चादरींत कुठलं भोक जास्त वेळा वेगळं दिसतं ते मोजायचं. जनुकसंचाची पाहणी असंच काम करते.

युके बायोबँकेत ४० ते ६९ वयाच्या सुमारे ५ लाख लोकांनी २००६ ते २०१० या काळात रक्त दिलं आणि मूठ आवळून पकडही मोजून दिली. पुढं त्यांच्यासह २२ अभ्यासगटांतल्या साठीपुढच्या २,५६,५२३ लोकांची माहिती एकत्र केली गेली. २०२१ मध्ये निकाल आला, की कमकुवत पकडीशी जोडलेल्या १५ जागा सापडल्या. मला गंमत याची वाटली, की ठळक जागांपैकी एक प्रतिकारशक्तीच्या जनुकांजवळची होती आणि जीडीएफ-५ नावाची एक सांध्यांच्या झिजेशी नातं सांगणारी. म्हणजे पकड ढिली होण्यामागे स्नायूबरोबर बोटांचे सांधे आणि शरीरात धुमसणारा दाहही असू शकतो.

या पद्धतीची एक खोट सांगायला हवी. भोक वेगळं दिसलं म्हणून दोष तिथंच असतो असं नाही. शेजारची भोकं पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच चालत आलेली असतात, त्यामुळे खरा गुन्हेगार शेजारी असू शकतो.

दुसरा मार्ग उलट्या टोकाचा: ज्याचे स्नायू जगावेगळे आहेत असा एखादाच प्राणी किंवा माणूस धरायचा आणि त्याच्या जनुकात काय बिघडलंय ते बघायचं. तो मार्ग पुढच्या उत्तरात आहे.

५. ते मायोस्टॅटिन काय प्रकरण आहे? नातू सारखं त्याचं नाव घेतो.

नातवाला माझा नमस्कार सांगा, या सगळ्या विषयातली सुरस कथा हीच आहे.

१९९७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अलेक्झांड्रा मॅकफेरॉन आणि से-जिन ली यांनी उंदरांतलं एक जनुक बंद केलं. उंदीर मोठे झाले तेव्हा त्यांचे स्नायू नेहमीच्या दुप्पट-तिप्पट भरले. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन स्नायूला ‘आता पुरे, वाढू नकोस’ असं सांगत होतं. त्याला मायोस्टॅटिन नाव मिळालं. त्याच वर्षी कळलं, की बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांत हेच जनुक मोडलेलं असतं. या बैलाचा फोटो पाहिलात तर वाटेल कातडीखाली उशा कोंबल्यात.

२००४ मध्ये बर्लिनच्या एका मुलाची नोंद आली. त्याच्यात या जनुकाच्या, आई-वडिलांकडून आलेल्या, दोन्ही प्रती बिघडलेल्या. साडेचार वर्षांचा असताना तो तीन-तीन किलोची दोन डंबेल्स हात आडवे ताणून धरायचा. त्याची आई पूर्वी व्यावसायिक धावपटू होती आणि तिची एक प्रत बिघडलेली होती. २००७ मध्ये व्हिपेट जातीच्या शर्यतीच्या कुत्र्यांत तोच नमुना सापडला: एक प्रत मोडलेली कुत्री सगळ्यांत वेगवान, दोन्ही मोडलेली मात्र स्नायूंनी इतकी फुगलेली की शर्यतीच्या कामाची नाहीत. या कुत्र्यांकडे कंपन्यांनी थोडं जास्त निरखून पाहायला हवं होतं, असं माझं मत.

६. मग मायोस्टॅटिन अडवणारं औषध अजून दुकानात का नाही?

पंचवीसेक वर्षं प्रयत्न चालू आहेत. ली यांनी २०१९ च्या डिसेंबरात असे उंदीर अंतराळ स्थानकातही पाठवले. वजनरहित अवस्थेत साधे उंदीर स्नायू गमावून बसले, मायोस्टॅटिन नसलेल्यांनी ते राखले. उंदरांत सगळं झकास चालतं. माणसांत काय झालं ते ऐका.

स्टॅम्युलुमॅब हे पहिलं अडवणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी). मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २००८ मध्ये आला. त्रास फारसा झाला नाही, ताकदही वाढली नाही. मग एसीई-०३१ आलं. ते मायोस्टॅटिनला आणि त्याच्या भाऊबंदांना वाटेतच गिळायचं. डुशेन या डिस्ट्रॉफीच्याच एका प्रकाराच्या मुलांवरची त्याची चाचणी नाकातून रक्त येणं आणि त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगणं यामुळे २०११ मध्ये थांबवावी लागली. ते भाऊबंद रक्तवाहिन्यांचंही काम बघत होते.

म्हाताऱ्या माणसांसाठी सगळ्यांत बोलकी चाचणी बिमाग्रुमॅबची, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली. सार्कोपेनिया असलेले, सत्तरीपुढचे १८० स्त्री-पुरुष. ११३ जणांना औषध, ६७ जणांना नुसतं द्रावण, पण प्रथिनं, ड जीवनसत्त्व आणि घरचा व्यायाम सगळ्यांनाच. २४ आठवड्यांनी औषधवाल्यांचं चरबीविरहित वजन ७ टक्के वाढलं, दुसऱ्यांचं १ टक्का. आणि चालणं, उठणं, तोल? दोन्ही गट सुधारले, जवळपास सारखेच. ज्यांच्या शिरेत औषध गेलंच नव्हतं, तेही.

मांस वाढलं, काम वाढलं नाही. असं का? स्नायू हा ताकदीचा एक भाग. त्याला हुकूम देणारी मज्जातंतूची टोकं वयानुसार गळतात, झटक्यात आकसणारे जलद तंतू आधी जातात, तंतूंमध्ये चरबी शिरते. गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज पेलणारे मानकरी आठवा. निव्वळ दणकट अंगाच्या पाहुण्याच्या हाती ध्वज दिला तर चार पावलांत डोलायला लागेल. मानकऱ्यांचा सराव यात्रेच्या कितीतरी आधीपासून चालू असतो, तो तोलासाठी आणि पावलासाठी.

थोडक्यात, सार्कोपेनियासाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं मंजूर केलेलं एकही औषध आज नाही.

७. मायोस्टॅटिन सोडून दुसऱ्या कुठल्या वाटा आहेत?

मला आशा वाटते अशा दोन.

एक स्टॅनफर्डच्या हेलन ब्लाउ यांच्या प्रयोगशाळेतली. वय झालेल्या स्नायूत १५-पीजीडीएच नावाचं विकर वाढतं आणि ते स्नायूला उपयोगी असणारं एक प्रोस्टाग्लँडिन खाऊन टाकतं. २०२१ मध्ये त्यांनी म्हाताऱ्या उंदरांत हे विकर महिनाभर अडवून ठेवलं. स्नायू वाढले, ताकद वाढली, उंदीर जास्त वेळ पळू लागले. इथं मांस आणि काम दोन्ही हललं. पण उंदरांत, हे विसरू नका, सहावं उत्तर नुकतंच वाचलंत.

दुसरी वाट तर एक मिलिमीटरच्या किड्यातून जाते. सी. एलेगन्स हा गोल कृमी तीनेक आठवडे जगतो. २००२ मध्ये दिसलं, की त्याचेही स्नायू म्हातारपणी विस्कटतात, चेतापेशी मात्र बऱ्यापैकी शाबूत राहतात. आणि एज-१ नावाच्या जनुकात बदल असेल तर ही पडझड लांबते. ते जनुक इन्सुलिनसारख्या संदेशांच्या साखळीतलं आहे. मधुमेहींचे स्नायू लवकर का झडतात, या प्रश्नाचा धागा त्याच साखळीशी जुळतो.

८. लहान मुलांच्या स्नायूंच्या आजारावर जीन थेरपी निघाली म्हणतात. ती आजोबांना का नाही देता येत?

स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीत एसएमएन-१ हे एकच जनुक नसतं किंवा मोडलेलं असतं. एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर चांगली प्रत बसवून आत पाठवली की काम होतं. असं औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. कोट्यवधी रुपयांची इंजेक्शनं, लोकवर्गणी, या बातम्या तुम्ही वाचल्यात त्या याच औषधाच्या.

आजोबांच्या बाबतीत मोडलेलं जनुकच नाही. आठशे जागांची चिमूट चिमूट आणि सत्तर वर्षांचं जगणं. कुठली प्रत बदलणार? जनुक नेमक्या जागी कापून बदलणाऱ्या क्रिस्पर तंत्राचंही तेच. त्याचं पहिलं औषध २०२३ मध्ये सिकल सेल या रक्ताच्या आजारासाठी आलं, तिथंही दोष एका ठिकाणचा होता.

एक अपवाद. दोष दुरुस्त न करता स्नायू वाढवणारं जनुक वरून घालता येतं. मायोस्टॅटिनला अडवणाऱ्या फॉलिस्टॅटिनचं जनुक बेकर डिस्ट्रॉफीच्या सहा रुग्णांच्या मांड्यांत घातलं गेलं, २०१५ मध्ये निकाल आला आणि काहींचं चालण्याचं अंतर वाढलं. सहाच माणसं, तीही वेगळ्या आजाराची. या बळावर कुणी तुम्हाला ‘तरुण करणारं इंजेक्शन’ विकत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

९. हे सगळं गोऱ्या लोकांवरचं संशोधन. आपल्याला लागू पडतं का?

हा प्रश्न अक्कलकोट रोडच्या एका ताईंनी विचारला आणि मला आवडला. उत्तर: पूर्ण नाही. चौथ्या उत्तरातले अडीच लाख लोक युरोपीय वंशाचे होते. कुठली भोकं एकत्र चालत येतात हे वंशानुसार बदलतं, त्यामुळे तिथली यादी इथं जशीच्या तशी बसत नाही.

शिवाय आपली घडणच वेगळी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) तंतोतंत २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखं म्हणतो, पण आपल्याकडे त्या वजनात मांस कमी आणि चरबी जास्त. म्हातारपणाची उतरण आपण मुळात खालच्या पायरीवरून सुरू करतो.

भारतात आता पाया घातला जातोय. जीनोमइंडिया प्रकल्पात देशभरातल्या १०,००० लोकांचे जनुकसंच वाचून झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. ती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवली आहे. पण जनुकसंच वाचणं हा अर्धा भाग. त्याच लोकांची पकड, चाल, मांडीचं मांस वर्षानुवर्षं मोजलं जाईल तेव्हा आपल्या स्नायूंबद्दल काही कळेल. सोलापुरासारख्या गावात तर मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं एकाच बोळात राहतात. असा अभ्यास इथं व्हावा अशी माझी फार इच्छा आहे.

१०. ऑनलाइन किट मागवून थुंकीवरून जनुक चाचणी करून घेऊ का?

सार्कोपेनियासाठी नको. असल्या अहवालांत बहुधा तिसऱ्या उत्तरातलं एसीटीएन-३ आणि आणखी चार-पाच जनुकं असतात, आणि शेवटी सल्ला निघतो, ‘व्यायाम करा, प्रथिनं खा’. तो मी फुकट देतोय. पाच वेळा उठ-बस करायला लागलेले सेकंद तुमच्याबद्दल त्या अहवालापेक्षा जास्त सांगतील.

घरात खरोखर स्नायूंचा आनुवंशिक आजार असेल (कमी वयात सुरू झालेला, भावंडांत दिसणारा) तर गोष्ट निराळी. तिथं डॉक्टरांच्या सांगण्यावरून, जनुकीय समुपदेशनासह चाचणी करावी.

११. जिममध्ये ‘मायोस्टॅटिन ब्लॉकर’ पावडर आणि सार्म्सच्या गोळ्या मिळतात. घ्याव्यात का?

नाही. मोठमोठ्या कंपन्यांना प्रतिपिंडांनी जे साधलं नाही ते डब्यातल्या पावडरीनं साधेल, यावर माझा विश्वास नाही. सार्म्सना (पुरुषी संप्रेरकासारखं काम करून स्नायू वाढवणारी रसायनं) तर कुठल्याही उपयोगासाठी एफडीएची मंजुरी नाही. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि खेळाडूंना त्यांवर बंदी आहे.

१२. मग तोपर्यंत आम्ही करायचं काय?

वजन उचलायचं. मला माहीत आहे, हे ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. जनुकांपासून सुरुवात करून गडी शेवटी डंबेल्सवर आला, असं एकानं मला तोंडावर म्हटलं. पण जनुकांचाच पुरावा बघा.

२००७ च्या एका अभ्यासात तरुण आणि वयस्कर माणसांच्या मांडीतले स्नायूंचे तुकडे काढून कुठली जनुकं चालू आणि कुठली बंद आहेत ते पाहिलं. ५९६ जनुकांच्या कामात वयामुळे फरक होता. मग १४ वयस्करांनी सहा महिने, आठवड्यातून दोनदा वजनांचा व्यायाम केला आणि पुन्हा तुकडा काढला. व्यायामाला प्रतिसाद देणाऱ्या १७९ जनुकांचा नमुना तरुणांच्या दिशेनं मागे फिरला होता. आधी ही मंडळी तरुणांपेक्षा ५९ टक्के कमजोर होती, नंतर ३८ टक्के.

‘आता या वयात काय’ म्हणणाऱ्यांना मी १९९० चा अभ्यास सांगतो. मारिया फियातारोने यांनी बॉस्टनच्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा जोराचा व्यायाम दिला. नऊ जण शेवटपर्यंत टिकले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. मांडीचं मांस मात्र ९ टक्केच वाढलं. पहिल्या आणि सहाव्या उत्तरातली गोष्ट इथं उलटी फिरलेली दिसेल: मांस थोडं, ताकद भरपूर.

करायचं असं: खुर्चीतून उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन हात वर. आठवड्यातून दोन-तीन दिवस. दहाव्या वेळेला दमछाक व्हायला हवी. सहज जमायला लागलं की वजन किंवा संख्या वाढवायची, कारण वाढवलं नाही तर स्नायूला काही कळत नाही. श्वास रोखून धरू नका. तलावाभोवतीची फेरी हृदयाला आणि मनाला उत्तम, पण मांड्यांना पुरत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे सगळं घरात पंख्याखाली करावं. छातीत दुखणं, नुकतीच शस्त्रक्रिया, न आवरलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टर.

१३. जेवणात काय बदलू? अंडी-मटण आमच्याकडे चालत नाही.

वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या आज्जींना ६० ते ७२ ग्रॅम. आता ताटाचा हिशेब लावू. ज्वारीच्या दोन भाकऱ्या साधारण ११ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरण ६-७, मूठभर शेंगदाणे ७-८, पेलाभर दूध ६-७, वाटीभर दही ५. सगळं मिळून चाळिशीही गाठत नाही आणि बहुतेक आज्ज्यांचं रात्रीचं जेवण म्हणजे दूध-भाकरी कुस्करून. तिथंच तूट पडते.

उपाय फार अवघड नाहीत. रात्रीही वरण किंवा मोड आलेली मटकी, दुपारच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी फुटाणे, पनीर, सोयाबीन. दात नसतील तर भाजलेल्या डाळीचं पीठ दुधात. ज्वारीत लायसिन कमी असतं, डाळ ती उणीव भरून काढते, त्यामुळे भाकरी-वरण ही जोडी चांगलीच. शेंगाचटणीवर माझंही प्रेम आहे, पण दोन चमच्यांत जेमतेम ४ ग्रॅम प्रथिनं येतात. मीठ आणि तिखट पाहता ताटभर चटणी हा उपाय होऊ शकत नाही.

अपवाद: मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं स्वतःच्या मनानं वाढवू नका.

१४. माझी आई चाळीस वर्षं विड्या वळत होती, वडील लूमवर. एवढे कष्ट करूनही दोघांचे पाय गेले. कसं काय?

कष्ट आणि स्नायूंचा व्यायाम ही एकच गोष्ट नाही. स्नायू जे काम पडतं तेवढ्यापुरताच तयार होतो. विडी वळणाऱ्या बाईची बोटं दिवसभर वाऱ्यासारखी चालतात, पण मांड्या मांडी घालून बसलेल्या. लूमवरचा माणूस पाळीभर उभा असतो, चालतो, धागा जोडतो, पण मांडीच्या स्नायूला त्याच्या जोराच्या वरचं ओझं क्वचितच मिळतं. उलट गुडघे झिजतात, गुडघा दुखतो म्हणून हालचाल कमी होते आणि मांडी आणखी झडते. चौथ्या उत्तरात सांध्यांच्या झिजेचं जनुक पकडीच्या यादीत सापडलं, ते आठवा. त्यात जन्मभर कमी प्रथिनांचं ताट.

दोघांनाही आज खुर्चीतली उठ-बस सुरू करता येईल. सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

१५. माझं वजन ९० किलो आहे. मला ही भीती नाही ना?

आहे. चरबीखाली स्नायू झडलेला असला तर वरून दिसत नाही. अशांना ओझं जास्त आणि उचलणारं इंजिन लहान, अशी दुहेरी अडचण. दुसऱ्या उत्तरातली पोटरीची टेप इथं फसवते, खुर्चीची चाचणी घ्या.

वजन घटवायची नवी इंजेक्शनं घेणाऱ्यांसाठी: घटलेल्या वजनात एक चतुर्थांश ते चाळीस टक्क्यांपर्यंत वाटा चरबीविरहित वजनाचा असू शकतो. त्यामुळे इंजेक्शनबरोबर वजनांचा व्यायाम आणि प्रथिनं हवीतच. सहाव्या उत्तरातलं बिमाग्रुमॅब इथं दुसऱ्या दारानं परत आलंय. २०२५ मध्ये सांगितल्या गेलेल्या एका मधल्या टप्प्याच्या चाचणीत सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनबरोबर ते दिल्यावर घटलेल्या वजनातला ९० टक्क्यांहून जास्त भाग चरबीचा होता. म्हाताऱ्यांना बळ देण्यात नापास झालेलं औषध लठ्ठांचं मांस राखण्यात पास होईल, अशी चिन्हं आहेत. माझा प्रश्न तोच राहतो: जिना चढायला सोपा झाला का?

१६. महिन्याभरातच पायांतलं बळ गेलं. हेही सार्कोपेनियाच का?

बहुधा नाही. सार्कोपेनिया वर्षानुवर्षं येतो. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं असेल तर तो अर्धांगवायू असू शकतो. तेव्हा हे पान बंद करून तडक रुग्णालय गाठा. काही आठवड्यांत बळ जाणं, स्नायू फडफडणं, गिळताना ठसका, कारण नसताना वजन घटणं, यांसाठीही लगेच डॉक्टर. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, बी-१२ (शाकाहाऱ्यांत याची कमतरता नेहमीची), न आवरलेली साखर, काही औषधं, ही बरी होण्याजोगी कारणं आधी तपासली जातात.

आणखी एक: दवाखान्यात आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळलेल्या वयस्करांचं बळ झपाट्यानं जातं. डॉक्टरांची परवानगी मिळताच त्यांना बसवा, उभं करा. ‘आराम करू द्या’ म्हणणारे पाहुणे प्रेमानं म्हणतात, पण तो सल्ला पायांना महागात पडतो.

१७. नवीन औषधाची चाचणी भारतात सुरू झाली तर भाग घेता येईल का? कसं कळेल?

येईल, अटींत बसलात तर. भारतातल्या औषध-चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते आणि जून २००९ पासून ती सक्तीची आहे. संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे, नातवाला ‘सार्कोपेनिया’ टाकून शोधायला सांगा. कुणी चाचणी म्हणून बोलावलं तर चार गोष्टी विचारा: नोंदणी क्रमांक काय, नीतिमत्ता समितीची मंजुरी कुठली, इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण देणार आणि संमतीचा कागद मराठीत (किंवा तुमच्या घरच्या भाषेत) आहे का. औषध द्यायचे पैसे तुमच्याकडूनच मागत असतील तर उठून घरी या.

पाचवाही प्रश्न आहे, तो मात्र सहाव्या उत्तरामुळे मला सुचला: ‘तुम्ही माझं मांस मोजणार आहात की मी खुर्चीतून उठतो कसा ते?’